वेंडेल कुठे वळणार?

"मोटरसायकल चालवणं म्हणजे काय मोठं शास्त्र आहे?" असं वेंडेल ग्रुनवाल्ड न्हाव्यापासून पोस्टातल्या बाईपर्यंत सगळ्यांना ऐकवून आला होता. माणूस विमा विकणारा, ऐकवायची सवयच! कॉलेजच्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकूंमधून गाडी नेत त्याने सुरक्षित चालवायचा कोर्स पुरा केला, मोटरसायकलही विकत घेतली, आणि आमच्या या विस्कॉन्सिनातल्या चिमुकल्या गावात आपल्यासारखा चालक दुसरा नाही, अशी त्याची खात्रीच झाली. पन्नाशी उलटल्यावर माणसाला असं काही झालं की फार जोरात होतं.

त्याची बायको मार्लीन मात्र बधेना.

"रविवारी माझ्या भावाकडे तळ्यावर जेवायला जायचंय ना? तू पुढे गाडीवर, मी मागे मोटारीत. एक जरी गडबड दिसली, तर सोमवारी गाडी विकायला काढायची!"

"आणि नाही दिसली तर?"

"तर तुझी गाडी आणि तुझी हाडं."

रविवारी हेल्मेट, जाकीट, हातमोजे असा सगळा साज चढवून वेंडेल निघाला. मागे मार्लीन, आणि तिच्या शेजारच्या सीटवर बटाट्याच्या सॅलडचं भलंमोठं भांडं. गल्लीच्या तोंडाशी वेंडेलने डावा इंडिकेटर दिला आणि मोठ्या रस्त्याला लागला. वळण इतकं झोकात जमलं की त्याला भरूनच आलं. इंडिकेटर मात्र चालूच राहिला. मोटारीतला आपोआप बंद होतो, या गाडीचा अंगठ्याने बंद करावा लागत होता. कोर्समध्ये हे सांगितलं तेव्हा वेंडेल नव्या हातमोज्यांचं लेबल तोडत बसला होता.

समोरून एक मोटरसायकलवाला आला. त्याने वेंडेलकडे पाहून डावा हात वर केला आणि मूठ उघडली, मिटली, उघडली, मिटली. 'बाबा, तुझा इंडिकेटर लुकलुकतोय' असं सांगायची ही मोटरसायकलवाल्यांची खूण. वेंडेलला वाटलं, नमस्कार! अरे वा, किती लोभस रीत! त्यानेही हँडलवरचा हात काढून मूठ उघड-मीट केली. गाडी जराशी डगमगली, पण बंधुभावासाठी एवढं सोसायलाच हवं!

थोड्या वेळाने आणखी दोघे आले. त्यांनीही तेच केलं. वेंडेलनेही तेच केलं. मागून मार्लीन हॉर्न वाजवायला लागली. ही आपल्याला शाबासकी देतेय, असं समजून त्याने तिला अंगठा दाखवला. तिने आणखी जोरात हॉर्न दाबला. पंचवीस वर्षांच्या संसारात मार्लीनने एवढं कौतुक कधी केलं नव्हतं! तो जरा गोंधळलाच.

इकडे मार्लीनच्या मागे रांग लागली. होडी ओढणारी गाडी, चाकांवरचं घर, दोन ट्रक. आमच्याकडे ओलांडतात ते डावीकडूनच, आणि पुढचा डावीकडे वळणार म्हणून ओलांडून जायची कुणाची छाती होईना. प्रत्येक फाट्याला सगळे वेग कमी करायचे. वेंडेल सरळ जायचा. मग सगळ्यांचे हॉर्न!

"आज झालंय काय लोकांना?" वेंडेल हेल्मेटमध्ये पुटपुटला.

तळ्याच्या फाट्याला उजवीकडे वळायचं होतं. त्याने शिस्तीत उजवा इंडिकेटर दिला, डावा विझला, वळण पुन्हा झोकात! आता उजवा लुकलुकायला लागला. तेवढ्यात मागून एक मोटरसायकल त्याच्या डाव्या अंगाला आली. वर पांढऱ्या वेणीची एक धिप्पाड बाई. तिने मूठ उघड-मीट केली. त्याने केली. तिने पुन्हा केली, जरा रागाने. त्यानेही जरा जोर लावून केली. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने कपाळाला हात लावला आणि ती मागे राहिली. 'हा कुठला नमस्कार?' वेंडेलला काही उमगेना.

पुढे उजव्या हाताच्या कच्च्या रस्त्यावर एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थांबला होता. हा इकडे वळतोय म्हणजे रस्ता मोकळा, असं समजून त्याने ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर घातला!

वेंडेलच्या कोर्सचं पुण्य आडवं आलं. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक, नजर समोर. गाडी ट्रॅक्टरच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली, आणि बंद पडली. मागे मार्लीनही कचकन थांबली. सॅलडने उडी मारली आणि काचेला भेटलं.

"वळणार होतास ना तू?" शेतकरी ओरडला.

"कुठे?"

"आता ते मी सांगू?"

मार्लीन धावत आली. चेहरा पांढराफटक, बाहीवर बटाटा. तेवढ्यात वेणीवाली बाईही पोचली.

"भल्या माणसा, इंडिकेटर चालू आहे तुझा! केव्हापासून खूण करतेय, आणि तू मलाच खुणा परत करतोस!"

वेंडेलने खाली पाहिलं. उजवा बाण निवांत लुकलुकत होता. वाटेत भेटलेले ते सगळे भाऊबंद त्याच्या डोळ्यांपुढून गेले, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संपली गाडी! सोमवारी विकायला.

"मार्लीन, काय ते बोलून टाक."

तिने बाहीवरचा बटाटा झटकला. मग म्हणाली, "थांबलास मात्र चांगला. मलासुद्धा असं थांबता आलं नसतं." आणि हात पुढे केला. "विकायची नाही. हेल्मेट दे."

"तू चालवणार? तुला येते?"

"लग्नाआधी डेअरीत कामाला रोज मोटरसायकलवरच जात होते. परवान्यावर मोटरसायकलचा शिक्का अजून आहे."

"मला कधी बोलली नाहीस!"

"तू बोलू दिलंस तर ना!"

तिने हेल्मेट आवळलं, क्लच अलगद सोडला आणि वेणीवालीच्या मागोमाग वाऱ्यासारखी निघून गेली. वेंडेल काच पुसून उरलंसुरलं सॅलड घेऊन मोटारीतून निघाला.

तळ्यावर तो पोचला तेव्हा अख्खं सासर गाडीभोवती जमलेलं. म्हातारी सासू डोळे पुसत होती. मेव्हण्याने धावत येऊन त्याला मिठीच मारली.

"दाजी, मानलं तुम्हाला! ताईला मोटरसायकल घेऊन दिलीत? इतकी वर्षं आम्ही तुम्हाला चिक्कू समजत होतो हो!"

वेंडेलने मार्लीनकडे पाहिलं. ती शांतपणे हातमोजे काढत होती, तेही त्याचेच. सासरी त्याचं कौतुक आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं.

"त्यात काय एवढं!" तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार!