राणीच्या बागेत लागतं काय?

कुठलंही झाड दिसलं की आमचे शेजारी तात्या बुंध्यावर थाप मारून विचारायचे, "लागतं काय ह्याला?" मी शाळेपुढे हौसेने लावलेला गुलमोहर त्यांना दाखवला. म्हणाले, "मास्तर, नुसतं लाल होऊन काय उपयोग? लाल तर आमची माती पण आहे!"

हापूसची कलमं, माड, पोफळी आणि फणस, एवढंच त्यांचं जग. बाकीची झाडं म्हणजे सरपण.

अशा माणसाच्या बायकोला मुंबईची राणीची बाग बघायची हौस यावी! माझी बायको ती बघून आली आणि चार घरी तिचं वर्णन करत सुटली. कधी काही न मागणाऱ्या काकूंनी तेव्हापासून ध्यासच घेतला. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायला आल्या, तरी तात्यांचं ठरेना. शेवटी काकूंची वकिली करायला मीच गेलो.

"आंबे आहेत तिथे?" तात्यांनी उलटतपासणी सुरू केली.

"नाहीत. वाघ आहेत."

"बागेत वाघ शिरलाय, आणि माणसं बघायला जातात?"

"वानरंही आहेत. लोक त्यांना चणे घालतात."

तात्या ताडकन उठले. त्यांचा अर्धा जन्म वानरं हाकण्यात गेला होता. "चणे घालतात? मग ती बाग कसली मास्तर, वानरांची सासुरवाडी ती! फळ एक लागत नाही, नि बघायचं काय तिथे?"

काकू माजघराच्या दारात उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "काही लागत नाही, तरी लोक तिला जपतात ना? तेवढंच बघायचंय मला."

तात्यांना मूलबाळ नव्हतं. आळीतल्या डोहाळजेवणाला काकूंना कुणी बोलावत नसे. दुसरं लग्न सुचवायला आलेल्या सख्ख्या आत्याला तात्यांनी अंगणातूनच वाटेला लावलं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. काकूंना मात्र त्यांनी त्यातलं अवाक्षर सांगितलं नसावं.

तात्या खाली बसले. मला त्या दोघांकडे बघवेना.

"अगो," ते अखेर म्हणाले, "शेवटच्या बोटीने निघू. लुगडी बांध."

मी बंदरावर पोचवायला गेलो. आगबोटीपर्यंत नेणारा पडाव लाटांवर डुचमळत होता. बायकोशी चारचौघांत कधी शब्द न बोलणाऱ्या तात्यांनी अख्ख्या बंदरादेखत काकूंचा हात धरला, आणि पडाव आगबोटीला लागेपर्यंत सोडला नाही.