सवय लागलेला तांदूळ

"मोठ्या बाई, हातावर ओतायचं पाणी डोक्यावर ओतलं तर चालेल का?"

हा प्रश्न माझा नाही. तो जुम आणि फ्रे या माझ्या दोन मैत्रिणींच्या डोक्यातून निघालेला. त्यांनी पैज लावली होती की बायतोंग, तुझी हिंमतच होणार नाही. आता माझी हिंमत नाही असं कुणी म्हटलं की मला राग येतो, आणि राग आला की मला हिंमत येते. माझी घडणच तशी आहे.

सोंगक्रानचा, म्हणजे पाणी उडवायच्या आमच्या नववर्षाच्या सणाचा, दुसरा दिवस होता. विहाराच्या अंगणात गावातली मोठी माणसं ओळीने बसली होती आणि आम्ही पोरं गुडघ्यांवर सरकत त्यांच्या तळहातांवर मोगऱ्याचं पाणी घालून आशीर्वाद घेत होतो. त्या ओळीत आमच्या शाळेच्या मोठ्या बाई, वन्ना बाई. पाठ अशी ताठ, की त्यांच्यामागे फळा उभा केला असता तर तो वाकडा दिसला असता.

फोनची मला काळजी नव्हती. सोंगक्रानात आमचं अख्खं मुकदाहान गाव फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवून हिंडतं, आणि माझी पिशवी सगळ्यांत भारी. मी सकाळीच जाहीर केलं होतं, की ही पिशवी घालून मी मेकाँग नदीच्या तळाशी बसेन, तिथे फोन आला तर उचलेन आणि वर 'आवाज स्पष्ट येतोय ना' असंही विचारेन.

फक्त पैजेचा पुरावा हवा होता. म्हणून फ्रेने पिशवी उघडून फोन बाहेर काढला आणि माझ्या खांद्यामागून शूटिंग सुरू केलं.

बाईंनी प्रश्न ऐकला. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"चालेल," त्या म्हणाल्या. "पण आधी मान मोठ्यांचा."

आणि शेजारची बादली उचलून त्यांनी माझ्या डोक्यावर रिकामी केली. माझ्या, माझ्या मागच्या फ्रेच्या आणि फ्रेच्या हातातल्या माझ्या फोनच्या.

अंगण हसलं. भिक्षू हसले. जुम तर जमिनीवर लोळली. मी हसले नाही, कारण त्या फोनमध्ये माझा व्हिडिओ होता.

बँकॉकला नकलांची एक स्पर्धा होती. निवडलेल्या मुलांना तिथे मोठ्या कलाकारांकडे शिकायला मिळणार होतं. कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसून, महिनोन्‌महिने आवाज काढून काढून मी पाच मिनिटांची नक्कल बसवली होती. मुदत आज संध्याकाळी सहापर्यंत. घरचं नेट रडतं म्हणून विहारातल्या वायफायवरून पाठवायचा बेत होता. आधी पैज, मग व्हिडिओ, असा क्रम मी लावला. हुशार ना मी?

घरी यातलं काही माहीत नव्हतं. घरी माझं ठरलेलं होतं: बायतोंग फार्मसी शिकणार आणि कोपऱ्यावर औषधांचं दुकान टाकणार. बाबांनी शटरचा रंगसुद्धा ठरवला होता. हिरवा. मला कुणी विचारलं नव्हतं, रंगाबद्दलही नाही.

जुमला घेऊन मी निथळत घरी पोचले. आमच्या घराच्या पुढच्या अंगाला बाबांचं टायरचं दुकान, त्याला लागून आईची कोंबडी भाजायची शेगडी, आणि आत स्वयंपाकघरात खमफान आत्या, म्हणजे बाबांची मोठी बहीण.

"फोन भिजला," मी म्हणाले. एवढंच. तिथेच चुकलं. पंक्चर असो, ताप असो नाहीतर गणितात नापास होणं असो, आमच्या घरात प्रत्येकाकडे आपापला इलाज तयार असतो, आणि तो दुसऱ्याचा इलाज संपायच्या आत करायचा असतो.

"आण इकडे, हवा मारतो," बाबा म्हणाले.

"बाबा, नको."

"अगं, ट्रकच्या चाकातलं पाणी काढलंय मी."

"फोन म्हणजे ट्रक नाही."

"म्हणून तर कमी दाबाने मारतोय."

बाबांचा कमी दाब म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. फोनचं सशाच्या कानांचं कव्हर सुटलं, हवेत एक गिरकी घेतली आणि थेट आईच्या निखाऱ्यांत जाऊन पडलं. कान आधी वितळले.

"कोंबडीला प्लॅस्टिकचा वास लागला तर गिऱ्हाइकांना तोंड कोण देणार? तुम्ही?" आई चिमटा घेऊन उठली.

"मी पोरीला मदत करतोय."

"मागच्या वेळी मदत केलीत तेव्हा फ्रिज गेला."

"फ्रिज म्हातारा होता."

दोघांचं भांडण फ्रिजवर सरकलं. फोन बाजूला पडला. मी बाबांच्या हातातून तो हिसकावला. माझ्या कानशिलांतून वाफ निघत होती, शेगडीपेक्षा जास्त.

"तांदळात ठेव ना," जुम म्हणाली. "तांदूळ पाणी ओढून घेतो. सगळं जग असंच करतं."

दिवसभरात कुणीतरी बोललेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य. मी स्वयंपाकघरात फोन आत्याच्या हातात दिला. "आत्या, हा तांदळात ठेव. नीट खोल पुरून ठेव. तांदूळ पाणी ओढून घेतो." आणि ओले कपडे बदलायला गेले. परत आले तर आत्या पपई किसत होती, चेहऱ्यावर समाधान.

"ठेवलास?"

"मघाशीच."

"कुठल्या डब्यात?"

"डब्यात कशाला? पातेल्यात."

आता आमच्याकडे चिकट भात खातात. तो तांदूळ वाफवण्याआधी तास न्‌ तास पाण्यात भिजत ठेवावा लागतो. आमच्या घरात पातेल्यातला तांदूळ म्हणजे तोच. मी झाकण उचललं. तळाशी, पाण्याखाली, पांढऱ्याशुभ्र तांदळात माझा फोन छान गळ्यापर्यंत पुरलेला होता. विहारात तो भिजला होता. इथे त्याला अंघोळ घातली होती.

"आत्या, यात पाणी आहे."

"असणारच."

"फोन कोरडा करायचा होता."

"तूच म्हणालीस ना, तांदूळ पाणी ओढतो?" आत्या किसणी खाली ठेवून मला समजावू लागली. "अगं, पोत्यातला तांदूळ काय ओढणार? तो वर्षभर नुसता लोळतोय. पातेल्यातला बघ, दुपारपासून घटाघट पितोय. सवय लागलीये त्याला. म्हटलं, चालू गाडीतच बसवावा."

 मी तिला शाळेतलं विज्ञान समजावायला लागले, तर ती मान डोलावत परत पपई किसायला लागली. 

तेवढ्यात फोन उपसून कुणी नेला ते कळलंच नाही. बाहेर आले तर आई. तिने तो कोंबडी धरायच्या बांबूच्या चिमट्यात अडकवून शेगडीच्या कडेला लावला होता. एका बाजूला अर्धी कोंबडी, दुसऱ्या बाजूला अर्धी कोंबडी, मध्ये माझं भविष्य.

"मंद आच आहे," आई म्हणाली. "सावकाश सुकेल."

ती दर थोड्या वेळाने कोंबडी उलटत होती, फोन उलटत होती. मग तिने कुंचला लसूण-मिऱ्याच्या पाण्यात बुडवला आणि ओळीने फिरवला. कोंबडी, फोन, कोंबडी.

"आई!"

"हाताला सवय आहे गं."

मग मात्र मी फुटले. कुणीही माझ्या फोनला हात लावायचा नाही, मी म्हणाले. ना हवा, ना आग, ना पाणी, ना मसाला. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. आईने कुंचला खाली ठेवला.

"असं आहे तरी काय त्यात? मुलगा आहे का कुणी?"

"काही नाही."

"काही नाही, तर एवढा थयथयाट कशाला?"

काय सांगणार? सांगितलं तर माझ्या नकलांवर ते हिरवं शटर कायमचं खाली. मी चिमट्यातून फोन सोडवला आणि त्याचा लसणाचा वास पुसत राहिले. घड्याळात साडेपाच वाजून गेले होते.

तेवढ्यात वन्ना बाई स्कूटरवर आल्या. गळ्यात पिशवीत ठणठणीत कोरडा फोन आणि हातात चिमुकल्या कागदी पुड्यांचा गठ्ठा.

"समुद्री शेवाळाच्या पाकिटांत येतात या पुड्या," त्या म्हणाल्या. "ओल ओढून घेतात. खायच्या नसतात, म्हणून मी साठवते. यांच्यात ठेव. बादली जरा मोठीच उचलली मी."

माफी मागायची त्यांची ही पद्धत. मी पुड्या घ्यायला हात पुढे केला आणि दुसऱ्या मुठीतला फोन थरथरला. एकदा. मग परत.

जिवंत होता! पडदा काळाकुट्ट, पण आत कुणीतरी होतं. माझ्या डोक्यात वीज चमकली. दिसलं नाही म्हणून काय झालं? त्या फोनवर काय कुठे आहे ते मला झोपेतही सांगता येतं. मी आंधळेपणाने बोटं चालवली. इथे फोटो. इथे शेवटून दुसरा व्हिडिओ, कारण शेवटचा फ्रेने काढलेला. इथे 'पाठवा'. आणि सगळ्यांत वरचं नाव स्पर्धेवाल्यांचं, कारण सकाळीच मी त्यांना निरोप टाकला होता. दाबलं.

आमच्या रडक्या नेटने नेमकं तेव्हाच मनावर घेतलं आणि बाईंचा फोन वाजला.

मग आईचा. मग समोरच्या न्हाव्याचा. मग गल्लीभर एकामागून एक, टिंग टिंग टिंग.

दुपारी कुणीतरी कोंबडीची ऑर्डर टाकली असणार. आईच्या गिऱ्हाइकांचा ग्रुप उडी मारून वर आला होता. तो मीच सांभाळते, कारण आईची बोटं तेलकट असतात.

बाईंनी पिशवीवरूनच बोट टेकवलं. आवाज पूर्ण मोठा.

"टायर गेला म्हणून माणसाने रडू नये," बाबांचा आवाज आला. "आमच्याकडे यावं. इथे बिल बघून रडता येतं."

बाबांच्या हातातून पाना पडला. मग आत्या: "मी कुणाचं वाईट बोलत नाही हं, पण त्या सुदाची सून..." मग आई, कोंबडीशी लाडात बोलणारी. आणि शेवटी, नाकातून, सकाळच्या झेंडावंदनाच्या आवाजात: "आपले मोजे पांढरे आहेत असा ज्यांचा समज आहे, त्यांनी पुढे यावं. मी तो दूर करेन."

व्हिडिओ संपला. न्हाव्याच्या दुकानातून असा हशा फुटला, की अर्धी दाढी केलेला माणूस साबणासकट बाहेर आला.

"मी अशी बोलते?" आत्या म्हणाली. "मी कुणाचं वाईट बोलत नाही हं, पण ही पोरगी..." आणि एकदम थांबली.

वन्ना बाई माझ्याकडे वळल्या. मी बाबांच्या टायरांच्या ढिगामागे सरकले.

"माझा आवाज," त्या नाकातून म्हणाल्या, "इतका नाकातून येत नाही."

 बाबांनी तोंडावर हात धरला होता.

मग मी सगळं सांगितलं. स्पर्धा, बँकॉक, सहाची मुदत. माझा फोन मुठीत परत गार पडला होता, आता कायमचा. पण व्हिडिओ बाईंकडे होता. आईचा फोन मागायचा तर आधी आईला पटवायला हवं, आणि न्हावी अजून हसतच होता. पाठवू शकत होतं ते एकच माणूस, ज्याची मी सगळ्यांत जास्त टर उडवली होती.

"बाई, पुढे पाठवाल?"

बाईंनी घड्याळ बघितलं. स्पर्धेवाल्यांचा पत्ता मला विचारून टाइप केला. बोट हवेत थांबलं.

"मुलगी शाळेत शिकणारी आहे. आईवडिलांच्या परवानगीशिवाय मी काही पाठवत नाही. विचार त्यांना."

आई बघत होती. बाबा बघत होते, कपाळावर शटर अर्धं खाली आलेलं. मी विचारायला तोंड उघडलं. पण दुपारपासून या घरात सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर काय होतं, ते माझ्या मुठीत होतं, लसणाच्या वासासकट. म्हणून मी विचारलं नाही. सांगितलं.

"आई, बाबा, मी औषधांचं दुकान टाकणार नाही. मी नकला करणार आहे. बाई, पाठवा. आणि बाबा, तुम्ही 'नाही' म्हणायला श्वास घेताय, तो सोडून द्या. ते 'नाही' तुमच्या आवाजात मला तुमच्यापेक्षा चांगलं म्हणता येतं."