एकतीस सह्या आणि पांढरे रुमाल

जपानी व्याकरणात माझी चूक काढेल असा माणूस अख्ख्या तोयामा शहरात नाही, असं मी परवापर्यंत छातीठोकपणे सांगत होते! मी एंखजिन, मूळची मंगोलियाची. जिथे समुद्र औषधालाही सापडत नाही, तिथून या बेटांवर शिकायला आले. आता माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दहा वर्षं झाली, म्हणून कायम वास्तव्याचा अर्ज तयार केला. शुक्रवारी तो द्यायचा होता. फक्त जामीनदाराची सही बाकी होती.

जामीनदार मी हेरून ठेवले होते. आमच्या गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, कुवाबारा-सान. इथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला; माझी पिशवी चुकीच्या वारी बाहेर पडली, की ती हातात धरून दारात हजर! इतकं लक्ष सख्खे काकाही ठेवत नाहीत.

पण सही अशी थेट मागायची नसते. आधी भेटवस्तू, मग प्रस्तावना, मग दुसऱ्या भेटीत हळूच मुद्दा. मी तीन दुकानं हिंडून पांढऱ्याशुभ्र रुमालांची पेटी निवडली. हलकी, टिकाऊ, नासण्याची भीती नाही!

"कुवाबारा-सान, इतकी वर्षं आपण मला सांभाळून घेतलंत," मी काटकोनात वाकून म्हणाले.

त्यांनी पेटी उघडली. चेहरा वाळवलेल्या मुळ्यासारखा झाला.

"म्हणजे ठरलं तुमचं?"

"हो, कायमचं!"

"कायमचं! कधी?"

"शुक्रवारी."

"इतक्यात? माझं काही चुकलं का हो? ते कचऱ्याचं..."

"छे छे! त्यामुळेच तर निर्णय घेतला!"

त्यांनी पेटीचं झाकण हळूच लावलं. मग म्हणाले, "गुरुवारी संध्याकाळी सभागृहात या. सह्या मी गोळा करतो."

"एकच पुरे हो!"

"असं कसं? सगळी गल्ली देईल!"

काय ही माणसं! मी न मागताच सही द्यायला तयार! मी तरंगत घरी आले.

गुरुवारी सभागृहात एकतीस माणसं, सुशीची ताटं आणि भिंतीवर फलक : 'एंखजिन-सान, सुखरूप जा!' कुणीतरी माझ्या हातात निरोपाचा एक मोठा पुठ्ठा दिला. त्यावर गोलाकार एकतीस सह्या, मधोमध 'आम्हाला विसरू नका'.

"अहो, मी कुठेही जात नाहीये!" मी ओरडले.

"किती जीव लावलाय पोरीनं!" घरमालकीण मियोशी-सान यांनी डोळे पुसले. कुवाबारा-सानांनी वाटलेल्या, मीच दिलेल्या रुमालाने!

शेवटी मी पिशवीतून अर्ज काढून कुवाबारा-सानांच्या नाकासमोर धरला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मग 'घेतलंत' का म्हणालात? 'घेताय' म्हणायचं! 'घेतलंत' म्हणजे निरोप! आणि वर पांढरे रुमाल? ते नातं तोडताना देतात, बाई!"

एका क्रियापदाचा काळ चुकला आणि गल्लीने मला मंगोलियाला पोचवलं होतं!

कुवाबारा-सान पोट धरून हसले आणि त्यांनी झोकात सही ठोकली. "आता कायमच्या राहणार ना? मग प्लास्टिक सोमवारी! कायमचं लक्षात ठेवा!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

फक्त मियोशी-सान टाळ्या वाजवत नव्हत्या.

"एंखजिन-सान," त्या रुमाल पिळत म्हणाल्या, "तुमची खोली मी एक तारखेपासून भाचीला दिली की हो!"

मी अर्जावरून नजर फिरवली. सगळे रकाने भरलेले, सहीसुद्धा झालेली. आता खोडायचा होता तो फक्त पत्ता.