गोपिकाबाईंचा अणुबॉम्ब फुटला

बियाण्याचे बारसे करणे हे जालन्यात जोखमीचे काम समजले जाते. पीक यायचे तेव्हा येईल. आधी पाकिटाने दुकानाच्या फळीवरून शेतकऱ्याला दरडावले पाहिजे. म्हणून नवीन जालन्यातल्या एका कंपनीने आपल्या कपाशीला पहिल्या साली 'तुफान' म्हटले, दुसऱ्या साली 'भूकंप'. यंदा विक्री अधिकारी निखिलराव यांनी बैठकीत गंभीर इशारा दिला, की भूकंपाला आता कोणी भीत नाही. तेव्हा सर्वानुमते 'अणुबॉम्ब' हे नाव ठरले.

वाटूरच्या गोपिकाबाईंनी हे पाकीट गावात सगळ्यांच्या आधी उचलले. सासऱ्यांच्या काळी घरात मेंढरे होती. बाईंनी मेंढरे कमी केली, कपाशी वाढवली आणि मेंढरांना हाक मारायचा आवाज तेवढा जसाच्या तसा ठेवला. त्यामुळे त्या घनसावंगीच्या भावाशी, आबारावांशी, फोनवर बोलतात तेव्हा फोनची तशी गरज नसते.

दसऱ्याच्या तोंडावर बहीणभावात झालेले बोलणे येणेप्रमाणे.

"अक्का, अणुबॉम्ब कसा हाय?"

"लई जोरात हाय रे आबा. उद्या-परवा फुटून राह्यला बघ."

"समदाच?"

"समदा, एकदम! एकदा फुटला की शिवारात नजर पोचंल तिथवर पांढरंफटक. तुझा?"

"माझा दमानं हाय. शेजारी म्हणून राह्यला, पुढल्या साली मीबी टाकतो."

"टाकू दे की! जावयालाबी म्या सांगितलंय, बिलकुल भिऊ नका, टाका."

आता असली बोलणी ऐकण्यासाठी दोन महासत्तांनी आभाळात कान टांगून ठेवलेले आहेत. एक लांब पल्ल्याची महासत्ता, दुसरी अतिलांब पल्ल्याची. त्या कानांना मराठी येते. कापूस येत नाही.

दोन दिवसांनी उपग्रहाने वाटूरचे छायाचित्र काढले. शिवार पांढरेफटक. दोन्ही राजधान्यांत तज्ज्ञ धावत सुटले. स्फोट झाला हे नक्की, पण आवाज नाही, धूर नाही, जमीन हलली नाही, उलट पांढऱ्या भागात बायाबापड्या हिंडताना दिसतात. यावरून तज्ज्ञांनी एकच निष्कर्ष काढला: वाटूरचे तंत्रज्ञान आपल्याहून पन्नास वर्षे पुढे आहे.

तिसऱ्या दिवशी वाटूर फाट्यावर दोन दिशांनी दोन ताफे आले. चहाच्या टपरीपाशी समोरासमोर आल्यावर, दोघांनीही आपण सहज इकडून चाललो होतो असे जाहीर केले. दुभाषा म्हणून निखिलरावांना बोलावण्यात आले, कारण इंग्रजी आणि गोपिकाबाई अशी दोन्हींची सवय असलेला तालुक्यात दुसरा माणूस नव्हता.

चौकशी बांधावरच, खुर्च्या टाकून झाली. लांबवाल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि निखिलरावांनी तो अदबीने पोचवला, "मावशी, साहेब विचारतात, पहिला कोणी टाकला?"

"म्याच!" गोपिकाबाई छाती पुढे काढून म्हणाल्या. "गावातल्या एका गड्याची हिंमत झाली न्हाई. मला सांगून राह्यले, आधी दुसऱ्याला टाकू दे. मी म्हणलं, हट!"

अतिलांबवाल्या साहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "पुन्हा टाकणार का?"

"चांगला निघाला तर दरसाल टाकीन. त्यांना कशाला पंचाईत?"

"इतर कोणाला दिलात का?"

"जावई हाय, नणंद हाय. आपल्या माणसाला न्हाई द्यायचा तर कुणाला द्यायचा?"

दोन्ही साहेबांचे चेहरे कापसासारखे झाले. अण्वस्त्रे नणंदेपर्यंत पोचल्याचे जगाच्या इतिहासात हे पहिलेच उदाहरण होते.

निखिलराव शिकलेले गृहस्थ. त्यांना राहवले नाही. "सर, हा कापूस आहे. साधा कापूस. नाव मी ठेवलंय."

"अगदी बरोबर," लांबवाले साहेब समजूतदारपणे म्हणाले. "आम्हीही सुरुवातीला असंच म्हणत होतो."

निखिलरावांनी घाबरून कंपनीला फोन लावला. कंपनीने विचारले, 'पुढच्या हंगामाची मागणी वाढली का?' मागणी चौपट झाली होती. तेव्हा कंपनीने ताबडतोब धोरण ठरवले: कापूस आहे असेही म्हणायचे नाही, बॉम्ब आहे असेही म्हणायचे नाही. हे धोरण ऐकून साहेब गहिवरले. इतकी परिपक्व भाषा त्यांनी फक्त आपापल्या मंत्रालयांत ऐकली होती.

अखेर गोपिकाबाईंनीच वैतागून एक बोंड तोडले, त्यातला कापूस काढला आणि दोघांच्या हातावर ठेवला. "बघा! चावतो का?"

साहेबांनी दाबला, हुंगला, उजेडात धरला. कापूस होता.

इथे एखादा भोळा माणूस म्हणेल, झाले, मिटले. पण वाटूरच्या धोक्यावर दोन्हीकडे स्वतंत्र खाती उघडली गेली होती. खात्यांना सचिव मिळाले होते, सचिवांना बंगले. कापूस निघाला असे कळवायचे कोणी? आणि एकाने कळवले व दुसऱ्याने नाही, तर कळवणारा गाफील ठरणार. दोघे बाभळीखाली गेले आणि वाटूर करार करून आले. कराराचे एकच कलम होते. शिवार आहे तसे राहील. जो पहिल्यांदा वेचील तो आक्रमक.

"वेचायचा न्हाई?" गोपिकाबाई उठून उभ्याच राहिल्या. "अन् माझ्या बाया येऊन बसल्यात त्यांचं काय? आभाळ बघा कसं भरून आलंय! भिजला तर पिवळा पडंल, जिनिंगवाला दारात उभं करायचा न्हाई!"

निखिलरावांनी उत्तर आणले, "मावशी, साहेब म्हणतात, जगाचा समतोल तुमच्या वावरावर टेकला आहे."

"त्याला म्हणावं दुसरीकडं टेक! जल्दी!"

शिवाराभोवती दोरी लागली. दोरीच्या या बाजूला लांबवाल्यांचे कर्नल आणि जवान, त्या बाजूला अतिलांबवाल्यांचे. दोघे एकमेकांवर लक्ष ठेवत होते, आणि कापसावर कोणाचेच नव्हते. परतूरकडून गार वारा सुटला. गोपिकाबाई बांधावर बसल्या, पदर खोचला आणि जागतिक सुरक्षेचा त्यांनी पहिल्यांदाच मनापासून विचार केला.

"निखिलराव, पुढल्या साली तुमची कंपनी काय नाव काढून राह्यली?"

"अजून नक्की नाही मावशी. पण 'हायड्रोजन' म्हणतायत."

"बराबर. मंग ह्यांना सांगा, आज दिवस मावळायच्या आत माझं वावर वेचून झालं न्हाई तर मी हायड्रोजन टाकीन. समद्या शिवारात. अन् नणंदंलाबी देईन."

निखिलरावांनी हे शब्दशः पोचवले. खरे तर दोन्ही साहेबांना ठाऊक होते, की हायड्रोजन म्हणजेही कापूसच. पण तसे म्हटले असते तर अणुबॉम्ब म्हणजे काय, हा प्रश्न आला असता. एवढ्या उघडपणे दिलेली धमकी खोटी आहे असे सिद्ध करण्याची कोणत्याच महासत्तेकडे व्यवस्था नव्हती. दोघे पुन्हा बाभळीखाली गेले. वेचणी हा शब्द काढून टाकण्यात आला आणि त्या जागी 'टप्प्याटप्प्याने, समसमान व परस्परांच्या देखरेखीखाली निःशस्त्रीकरण' असे घालण्यात आले. कोणी एक आक्रमक ठरू नये म्हणून पहिले बोंड दोन्ही साहेबांनी एकदम तोडले. टाळ्या झाल्या.

मग जे झाले ते वाटूरने पुन्हा पाहिले नाही. कपाशीच्या एका ओळीत एक लांबवाला, शेजारच्या ओळीत एक अतिलांबवाला, कमरेला कापसाची ओटी बांधून, छातीवर पदके घेऊन, वाकून वेचत निघाले. समसमान राहावे म्हणून एक थांबला की दुसराही थांबे. त्यामुळे गोपिकाबाईंना एकालाच ओरडून दोघे चालवता येत होते.

"ओ कर्नल! खालचं बोंड राह्यलं की! अन् पाला नका लावू, पाला! त्यांचं बघा, कसा सोच्छ वेचून राह्यले!"

हे शेवटचे वाक्य निखिलराव दोन्ही बाजूंना सारखेच पोचवत होते. कर्नल त्वेषाने वेचत होते. वेचणाऱ्या बाया बांधावर बसून ठरलेली मजुरी घेत चुका काढत होत्या.

दिवस मावळता शेवटचे गाठोडे घरात गेले आणि पाऊस कोसळला. दोन्ही राजधान्यांनी एकाच वेळी जाहीर केले, की जगातले पहिले संपूर्ण निःशस्त्रीकरण आपल्यामुळे झाले.

पडवीत चहा झाला. कापूस कोरडा राहिल्याने गोपिकाबाई खुशीत होत्या, पाहुण्यांची विचारपूस करावी असे त्यांना वाटले.

"निखिलराव, इचारा बरं, ह्यांच्याकडं म्हणं खरेखुरे हायेत. माणसं मारायचे."

दोन्ही साहेबांनी माना डोलावल्या, थोड्या अभिमानानेच.

"मंग कुठं टाकायचे ते ठरलं का?"

"सगळं कधीच ठरलेलं आहे म्हणतात, मावशी."

"कुणाच्या वावरात?"

निखिलरावांनी विचारले. साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. ते गोपनीय असते, असे दोघेही एकाच सुरात म्हणाले.

"अगं बया! म्हंजे वावरवाल्याला इचारलंबी न्हाई?"

यावर दोन्ही ताफे भर पावसात निघून गेले. वाचकहो, तुम्ही बसला आहात तो तुकडा कोणाच्या वाट्याला आहे, लांबवाल्यांच्या की अतिलांबवाल्यांच्या, हे तुम्हाला कोणी कळवले असेल तर जरा सांगा. गोपिकाबाई विचारून राह्यल्या आहेत.