उजेडाची मोजणी

मनीषला फक्त एक रिकामं शेत हवं होतं. भूगावातल्या त्याच्या फ्लॅटमधून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले टॉवेल तेवढे दिसत. त्यानं जुन्या बाजारातून साठ वर्षांचा, दोन भिंगांचा कॅमेरा आणला होता. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. दोन वर्षं त्याचे फोटो कृष्णधवल प्रदर्शनातून परत आले होते. बायको, जुईली, कॅमेऱ्याला ‘तुझा डबा’ म्हणत असे. यंदा फोटो लागला नाही तर डबा विकायचा, असं मनीष रागाच्या भरात कबूल करून बसला होता. यंदाचा विषय होता ‘मोकळी जागा’.

मुळशीतल्या माले गावात, हैबतराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात त्याला हवं ते सापडलं. एक उंबर, बाकी काही नाही. रविवारी सकाळी त्यानं ट्रायपॉड लावला, उजेड मोजायचं मीटर बुंध्याजवळ धरलं आणि वहीत आकडे लिहिले.

“काय मोजताय सायेब?” हैबतराव बांधावरून विचारते झाले.

“उजेड.”

जमीन मोजायला आलेला माणूस खरं सांगत नाही, हे हैबतरावांना पासष्ट वर्षांत कळून चुकलं होतं. पण उजेड म्हणजे फारच झालं.

“फोटो काढतोय हो. छंद आहे.”

“मग दावा की.”

“आत्ता नाही दिसत. फिल्म धुवावी लागते. आठ दिवस लागतील.”

“व्हय, व्हय,” म्हणत हैबतराव तडक घरी गेले आणि रत्नाबाईंना म्हणाले, “अगं, रस्ता येतोय आपल्यातनं!”

रस्ता जमिनीतून गेला की भरपाई मिळते. फळझाडं, शेड, बोअर असेल तर त्याची वेगळी. मुळशीत हे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.

मनीषनं फिल्म धुतली. बाराच्या बारा फोटो कोरे. खालच्या भिंगाचं झाकण त्यानं काढलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तो परत गेला तर उंबराखाली पत्र्याची शेड, चाळीस आंब्याची कलमं आणि जमिनीत खोचलेला बोअरचा पाइप.

“हे कधीपासून?”

“वाडवडलांपासनं,” हैबतराव म्हणाले. कलमांना नर्सरीच्या चिठ्ठ्या तशाच होत्या.

मनीषनं निमूटपणे कॅमेरा शेजारच्या दादासाहेबांच्या शेताकडे वळवला. हैबतरावांचा चेहरा उतरला. रत्नाबाई पाच किलो इंद्रायणी तांदूळ घेऊन धावत आल्या. “सायेब, हिकडंच वळवा की. भाऊबंद हाय त्यो, त्याला कशापायी द्यायचं?”

“काय द्यायचं?” मनीषला काही कळेना. शेवटी त्यानं त्या दोघांनाच शेडपुढे उभं करून फोटो काढला. घरी जुईली तांदूळ बघून म्हणाली, “डब्यानं पहिल्यांदाच घरात काहीतरी आणलं.”

तिसऱ्या रविवारी त्यानं तो फोटो हैबतरावांच्या हातात ठेवला.

“म्हंजे तुमी खरंच फोटूवालं?” हैबतरावांनी कलमांकडे बघत विचारलं.

“मी बरी आलीया,” रत्नाबाई म्हणाल्या. “तुमीच भ्याल्यावानी दिसताय.”

मनीषनं शेड काढायची विनंती केली. पत्रे मांडववाल्याचे होते, तो तसाही मागत होता. कलमं नर्सरीत परत गेली, बोअरचा पाइप उपटला. जोडप्याचा फोटो घरात खिळ्यावर चढला. मनीषनं झाकण तीनदा तपासून मोकळ्या शेताचा फोटो काढला आणि तो प्रदर्शनात लागला. डबा वाचला.

त्यानंतरच्या मंगळवारी दोन माणसं शेतात ट्रायपॉड लावताना दिसली. हैबतराव गालातल्या गालात हसले.

“उजेड मोजताय जणू?”

“रस्त्याची सरकारी मोजणी आहे, बाबा.”

“व्हय, व्हय!” हैबतरावांनी टोपी सरळ केली आणि रत्नाबाईंना हाक मारून उंबराखाली उभं केलं.

“जागेत बांधकाम, फळझाडं, बोअर वगैरे?”

“छ्या! मुद्दाम समदं काढून टाकलंया. मोकळीच लई ग्वाड दिसती.”

माणसानं ‘निरंक’ लिहून कागद पुढे केला. हैबतरावांनी झोकात सही ठोकली.

“मिळंल कवा?”

“घरपोच येईल. वेळ लागतो.”

“लागू द्या. धुवावं लागतंय, ठावं हाय आमाला.”

ती माणसं गेल्यावर हैबतरावांनी पहिल्या फोटोच्या शेजारी दुसरा खिळा ठोकून ठेवला.