उद्घाटकाचा तुकडा

प्रवीणने नाटकाची जाहिरात पूर्ण केली, तेव्हा ती शेवटपर्यंत ऐकायला कोणाला सवड नव्हती. मंडळाचे सोमाजी भाऊ गडचिरोलीतल्या त्याच्या रेकॉर्डिंगच्या दुकानासमोर जीप चालू ठेवूनच आत आले होते.

"झालं का, बाबू?"

"झालं, भाऊ. उद्घाटकाचं नाव आत्ताच टाकलं."

उद्घाटक ऐन वेळी बदलले होते. प्रवीणने नवं नाव वेगळं बोलून कॉम्प्युटरात घेतलं होतं. पडद्यावर प्रत्येक वाक्याची एक रंगीत पट्टी दिसे. माऊसने ओढून ती हवी तिथे बसवायची. उद्घाटक आणि नाटकातला विनोदी नट, या दोन नावांच्या दोन पट्ट्या दिसायला सारख्याच होत्या. प्रवीणने त्या घाईघाईने बसवल्या, कॅसेट भरली आणि टपावर भोंगा लावलेली जीप गावोगाव जाहिरात करायला गेली.

दुपारी सोमाजींचा फोन आला.

"प्रवीण, तू कोणाले कुठी बसवलं रे? भोंगा काय सांगून राह्यला, ठाऊक हाये का तुले?"

प्रवीणने ऐकून पाहिलं. "उद्घाटक, विनोदाचा बादशहा मिथुन! आणि बायकोच्या भीतीनं धानाच्या ढोलीत लपणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत, माजी सरपंच माननीय श्री गुणवंतराव!"

नाटकाचा मंडप गुणवंतरावांच्याच बांधीत, धानाच्या शेतात, उभा होता. ते बिघडले, तर नाटक कुठे करायचं?

सोमाजी जीप घेऊन परत आले. पट्ट्या जागच्या जागी गेल्या, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. गावोगाव हशा पिकला होता. म्हणून प्रवीणने खुलासाही बोलून घेतला: "गुणवंतराव बायकोला भितात, हे साफ खोटं आहे." या वेळी त्याने नीट ऐकलं. सगळं बरोबर होतं.

"कोरडं वाटते," सोमाजी म्हणाले. "शेवटी जरा बँड टाक ना."

प्रवीणने बँडची पट्टी ओढून वाक्याच्या शेवटी आणली. ती थोडी अलीकडे सरकून वाक्याच्या शेवटच्या शब्दांवर चढली. त्या प्रोग्रामात वरची पट्टी वाजली की खालची मुकी होई. जीप पुन्हा गावोगाव फिरली आणि भोंगा गरजला, "गुणवंतराव बायकोला भितात!" त्यामागून धडाडधूम बँड.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव दुकानात आले. बरोबर त्यांच्या पत्नी गुणाबाई होत्या. मागे सोमाजी, मान खाली घालून.

"आता मीच बोलतो," गुणवंतराव म्हणाले. "माया आवाजात. मंग कोणाची हिंमत होते हासाची, ते पाहू. लाव तुही मशीन."

प्रवीणने माईक पुढे केला. गुणवंतरावांनी छाती फुगवली. "मी, गुणवंतराव, जाहीर सांगतो, का मी बायकोले..." ते थांबले. त्यांनी गुणाबाईंकडे पाहिलं.

"बोला ना," गुणाबाई म्हणाल्या.

"बोलतो ना. घसा सुकला."

पाणी झालं. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा 'बायकोले'पाशी गाडी अडली. तिसऱ्यांदा ठसका लागला. सोमाजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"सरका तिकडे," गुणाबाई म्हणाल्या आणि माईकसमोर बसल्या. "ऐका सारे. आमचे मालक मले भेत नाई. उगाच काई पसरवू नका. उद्घाटनाले ते येऊन राह्यले. मी सांगतलं त्यायले."

प्रवीणने रेकॉर्डिंग थांबवलं.

गुणवंतराव हळूच त्याच्या कानाशी वाकले. "बाबू, शेवटचं तेवढं वाक्य काप."

प्रवीणने माऊस त्या पट्टीवर नेला.

"काऊन?" गुणाबाईंनी विचारलं. "काय कापून राह्यला?"

प्रवीणने गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"काई नाई," ते म्हणाले. "राहू दे, बाबू. आवाज मोठा साफ आला हाये."