शेनिन ब्लांच्या चार बाटल्यांची बखर

श्री. पेला आणि ओंठ यांची गांठ घालणारी देवता सुप्रसन्न असो. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, पौषमासीं वर्तमान ऐसें जाहलें कीं, एका मुलुखीं राजेसाहेब राज्य करीत होते आणि त्यांचे पदरीं सटवाजी आबदार पाण्या-पेल्याची चाकरी करीत होता. त्याणें फिरंगी गलबतावरून शेनिन ब्लां नामें पांढऱ्या द्राक्षाचा वेल आणोन बागेंत लाविला, आणि त्या एकाच वेलाची दारू चार बाटल्यांत भरोन दरबारीं ठेविली. मग मुदपाकखान्याचे बहिरोपंत, ज्यांचा आबदारीवर जुना डोळा, ते हात जोडोन बोलिले, "महाराज, आम्हीं चोरून चाखिली! एक आंबट, एक गोड, एक सायीसारखी जड, एक तोंडांत फसफसते. वेल एक आणि चवी चार? गडी भेसळ करितो!" राजेसाहेब लाल जाहले आणि हुकूम सुटला कीं, सटवाजीनें उभ्याउभ्या खुलासा द्यावा, न दिल्यास आबदारी पंतांस आणि सटवाजीची गाढवावरून धिंड.

सटवाजी मुजरा करोन म्हणाला, "सरकार, द्राक्ष लवकर खुडलें तर कोरडी, आंबट. वेलावर सुरकुते तों ठेविलें तर मधाळ. लांकडी पिंपांत वर्षभर निजविली ती जड. आणि बाटलींत दुसऱ्यांदा आंबविली ती उसळते, म्हणोन तिचें बूच तारेनें बांधितों." "थापा!" पंत ओरडले. परंतु त्या दरबारीं चाल ऐसी कीं, पेला आधीं पडद्याआड आईसाहेबांकडे जावा. आईसाहेबांनीं चारी चाखिले, आणि खात्रीस्तव पुन्हा चारी चाखिले, आणि मग आंतून बोलिल्या, "पंत, तोंड आवरा. एका कुशीचे माझे लेक चार. थोरला जन्माचा आंबट, दुसरा मधाचें बोट, तिसरा पाटावर बसून बसून जडावला."

"आणि धाकटे आम्ही? आम्ही कैसे?" राजेसाहेब गरजले. आईसाहेबांनीं फसफसता चौथा पेला पुन्हा उचलिला. सटवाजीनें डोळे मिटले. राजेसाहेब ताडकन उठले, तों हिसक्यासरशी पगडी उडोन छतास लागली आणि पंतांचे नाकावर आदळली.

"सटवाजी," पडद्याआडून आवाज आला, "ह्याला तार बांधायची राहिली रे!"

मग राजेसाहेब बोडक्या डोईनें आपणच खदखदां हंसले, आणि मग दरबारास हंसण्याची मुभा जाहली.

सारांश इतकाच कीं, आबदारी कायम राहिली, गाढव पंतांचे दारीं पोंचतें जाहलें, आणि रोज सकाळीं राजेसाहेबांचे पगडीस तार बांधण्याचें काम सटवाजीकडे वंशपरंपरा चालूं जाहलें.